२१ दिवसांत १० किलो? आधी भागाकार करा

तुळशीचं लग्न जवळ आलं की हा मेसेज गोव्यात पुन्हा फिरू लागतो: "लग्नाआधी २१ दिवसांत १० किलो घटवा. रोज फक्त ८०० कॅलरी. शीत (भात) आणि नारळ बंद. ब्लाउज एक माप लहान शिवून घ्या. जमलं नाही तर इच्छाशक्ती कमी. स्त्रीवादी बायकांचं ऐकू नका, त्यांना लठ्ठपणाचंच कौतुक." यंदा तो घरातल्या अकरावीच्या पोरीपर्यंत पोचला, म्हणून हे लिहिणं आलं.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दहा किलोच्या ७७,०००. एकवीसनं भागा: रोज जवळजवळ ३,७०० ची तूट. बहुतेक बायकांचा दिवसाचा खर्चच दोन हजारांच्या आसपास असतो. एकवीस दिवस घास घेतला नाही तरी हिशेब लागत नाही. सुरुवातीला काटा भराभर उतरतो ते मुख्यतः पाणी असतं: ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेचा, साठा संपतो आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी जातं. भात खाल्ला की ते परत येतं. पुढे स्नायू झिजतात, पाळी चुकते, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. केस गळतात ते दोन-तीन महिन्यांनी, तेव्हा मेसेज कुणाला आठवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ३९ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. त्यांनाच जेवण तोडायला सांगता?

सगळ्यांत घातक ते इच्छाशक्तीचं वाक्य. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे रोज सुमारे १,६०० कॅलरींवर ठेवलं. मेसेजातल्या आकड्याच्या दुप्पट! ते खिन्न झाले, चिडचिडे झाले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसले, ताटं चाटू लागले. प्रयोग संपल्यावर काहींना खाणं थांबवता येईना. हे सगळे पुरुष होते. डाएटवरची बाई रात्री डबे उघडते तेव्हा तो तिच्या स्वभावाचा दोष नसतो, ती भूक असते. स्त्रीवाद्यांचं म्हणणं हेच आहे: बाईला उपाशी ठेवायचं आणि भुकेचा दोषही तिच्याच माथी मारायचा, हे थांबवा. यात लठ्ठपणाचं कौतुक कुठे आलं?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. पोटाचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की आपल्याकडच्या बायकांना मधुमेहाचा धोका वाढतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता मोजा. नवऱ्या मुलाचाही मोजा, त्याची मर्यादा ९०. मेसेजात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. शीत-नारळ बंद करायची गरज नाही. शीत थोडं कमी वाढा, नुस्तं (मासे) आणि कडधान्य जास्त.

राहिला ब्लाउज. तो अंगाच्या मापानंच शिवा, दोन्ही बाजूंना इंचभर माया सोडायला सांगा आणि लग्नाच्या आठ दिवस आधी घालून बघा. घट्ट वाटला तर शिवण उसवून सैल करता येतो, अर्ध्या तासाचं काम आहे.