चार टक्के आले कुठून?

छतावरचं पावसाचं पाणी मातीतून गाळून पाइपाने गटारात सोडणाऱ्या, तळ बंद असलेल्या वाफ्यावर मी लेख लिहिला होता. त्यावर तुमचे आक्षेप दोन. तळ बंद असलेल्या वाफ्यातलं पाणी जमिनीत मुरतच नाही, मग ती नुसती मोठी कुंडी झाली. आणि वाफ्याला छताच्या क्षेत्रफळाच्या चार टक्के जागा पुरते हे मी आधार न देता लिहिलं. दुसरा आक्षेप मला मान्य आहे. आकडा देऊन त्यामागचं गृहीतक गाळणं ही चूकच, कारण तेवढ्या भरवशावर कुणी बांधकाम करू शकतो.

ते गृहीतक असं: पाऊस ताशी ५ मिमी आणि माती ताशी १२५ मिमी पाणी खाली सोडणारी. ५ भागिले १२५, म्हणून ४ टक्के. १०० चौरस मीटर छतावरून तासाला ५०० लिटर येतं, ४ चौरस मीटर मातीतून तेवढंच गाळून जातं. पाऊस ताशी ५० मिमी झाला की ५००० लिटर येणार. मातीवर १५ सेंमी पाणी उभं राहील एवढी जागा ठेवली, तरी ती ६०० लिटरचीच. आठ मिनिटांत भरते, आणि पुढचं जास्तीचं पाणी न गाळताच ओव्हरफ्लोच्या पाइपातून जातं. हा वाफा पूर अडवत नाही, हलक्या-मध्यम सरींचं पाणी गाळतो. तुमच्याकडे जोरदार सरीच जास्त पडत असतील तर ५च्या जागी तुमचा आकडा घाला.

खरा जीव मातीत आहे. साठ-सत्तर टक्के वाळू, बाकी कंपोस्ट, थर ४५ सेंमी. त्यात चिकणमाती मिसळून वेग निम्मा झाला, तर ४ऐवजी ८ चौरस मीटर लागतील. खाली ३० सेंमी खडी आणि तिच्या तळाशी भोकांचा पाइप. माती आणि खडीच्या मध्ये कापड मात्र घालू नका, ते गाळाने तुंबतं.

आता ‘मोठ्या कुंडी’बद्दल. पाणी मुरू न देणं हा इथे मुद्दामच घेतलेला निर्णय आहे. भिंतीच्या पायालगत, तळघराच्या स्लॅबवर, घसरणाऱ्या उतारावर किंवा दूषित जमिनीवर मुरलेलं पाणी नुकसानच करतं. तिथे गाळ, तेल, धातूचे कण मातीत अडकवून पाणी सावकाश गटारात सोडणं हेही मोठं काम आहे. फक्त स्लॅबवर बांधायचा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा: भिजलेली माती, खडी आणि वर उभं पाणी मिळून चौरस मीटरला टनापेक्षा जास्त वजन होतं.

गृहीतक मूळ लेखात, आकड्याच्या शेजारीच, आजच घातलं आहे.