सही दोघांची

शाळेच्या ग्रुपवर परवा एका प्रदर्शनाचे फोटो आले. पुण्यातलंच जोडपं, दोघंही चित्रकार. कॅनव्हासवर इरकलीचे तुकडे, पत्रा, जुन्या दारांच्या बिजागऱ्या, रंग आणि धावदोरा. खाली सही दोघांची. पहिलीच प्रतिक्रिया आली, "चित्र त्याचं, शिवणटिपण तिचं. मग सही दोघांची कशाला?" त्यावर अंगठ्यांची रांग. माझं डोकं फिरलं, ते अजून ताळ्यावर नाही.

मी बर्लिनला राहते. म्हणजे माझं म्हणणं निम्म्या भावात धरलं जाणार, हे ठाऊक आहे. तरी सांगते.

१९७३ साली एड कीनहोल्झ हा अमेरिकन कलावंत शिष्यवृत्तीवर इथे आला, सोबत नवी नवरी नॅन्सी. तो तोवर नावाजलेला. इथल्या जुन्या बाजारांतून मिळवलेल्या फोक्सएम्फेंगर रेडिओंना भंगारातल्या वस्तू जोडून त्यांनी एक मालिका केली. काहींतून वाग्नर या जर्मन संगीतकाराचं संगीत वाजतं. घरोघरी सरकारचा आवाज पोचावा म्हणून नाझींनी काढलेला हा स्वस्त रेडिओ. मावरपार्कच्या जुन्या बाजारात रविवारी अजून दिसतो: काळं बेकलाइट, पुढे कापडी जाळी, गरुडाखालच्या नाझी खुणेवर विकणाऱ्याने चिकटवलेला स्टिकर. तर १९८१ साली एडने जाहीर केलं की १९७२ पासूनचं सगळं काम दोघांचं. नाव त्याचं मोठं होतं, गप्प बसला असता तर कुणी विचारलंही नसतं.

आमच्या ग्रुपवर मात्र हिशेब मागायचाच असतो. मग नीट मागा की! मी ते फोटो मोठे करून पाहिले. एका चित्रात लाल पट्टा आहे, आणि टाके त्या रंगाखाली गेलेत. म्हणजे आधी शिवण, मग रंग. दोरा ओढल्यावर कापड जिथे आकसलं, तिथेच त्याचा ब्रश वळलाय. आता सांगा, चित्र कुणाचं?

ख्रिस्तो आणि जां-क्लोद या कलावंत नवरा-बायकोचंही उदाहरण दिलं. १९९५ साली राइशस्टागभोवती, म्हणजे इथल्या संसदेच्या इमारतीभोवती, एक लाख चौरस मीटर कापड गुंडाळणारे. आराखड्यांची चित्रं आणि कोलाज ख्रिस्तो एकटा करायचा. जां-क्लोद ते विकायची, त्यातूनच खर्च भागायचा. परवानग्यांसाठी भांडण्यात ती पुढे. तरी १९९४ साली दोघांनी मागची मोठी कामंसुद्धा दोघांच्या नावावर केली. त्यावर एकाचं उत्तर, "मग मॅनेजरचीही सही घ्या." मी सात ओळी लिहिल्या, पुसल्या, पुन्हा लिहिल्या.

म्युझियममध्ये इथलेही लोक "हा कीनहोल्झ" म्हणूनच पुढे सरकतात, नॅन्सीला कोण विचारतं? ते मी ग्रुपवर लिहिलं नाही. आमच्या बेलवर दोन आडनावं आहेत, ते मात्र लिहिलं. कोथरूडच्या दारावर बाबांचं एकट्याचं नाव. गणपतीत थर्माकोल बाबा कापायचे, झालर, मणी, वेली रात्र रात्र जागून आई करायची, आणि आल्यागेल्याला दाखवताना ते "आमच्या ह्यांचं मखर." हे आईच म्हणायची!

"एवढं आहे तर येऊन बघ ना," असं एका मैत्रिणीने लिहिलं. तिचं बरोबर असेल. बालगंधर्वच्या कलादालनात शेवटची कधी गेले होते, आठवत नाही. इथल्या उद्घाटनांना हातात सेक्ट, म्हणजे इथली फेसाळ वाइन, घेऊन उभी असते. मी काही बोलले तर सगळे माना डोलावतात, आणि मग कुणीतरी हमखास डाळीची रेसिपी विचारतं. माझ्या मताचा इथे कुणाला राग येत नाही. ग्रुपवर येतो, लगेच येतो.

शेवटी एवढंच विचारलं, की कॅनव्हासच्या मागच्या बाजूचा फोटो कुणी काढलाय का? गाठी दिसल्या तर कळेल आधी काय झालं ते. कुणी उत्तर दिलेलं नाही. आता मेट्रोवरून जुंपली आहे, आणि मेट्रोबद्दलही मला बरंच म्हणायचंय.