बातमीत मत शिरले म्हणे, पण केव्हा?

गेले काही महिने एक संदेश मोबाईलवरून फिरत आहे. माझ्याकडे तो चार वेगवेगळ्या गटांतून आला. त्यांतला एक गट निवृत्त शिक्षकांचा होता आणि एक आमच्या देवस्थानच्या महाजनांचा. संदेश लांबलचक आहे, पण त्याचा आशय असा : एका पिढीपूर्वी वर्तमानपत्रातील बातमी ही निव्वळ बातमी असे आणि मताला जागा फक्त अग्रलेखात असे, अमेरिकेने १९८७ मध्ये प्रसारणातील संतुलनाचा नियम रद्द केला आणि तिथून ही कीड जगभर पसरली, चोवीस तासांच्या वाहिन्यांनी व मोबाईलने उरलीसुरली भिंतही पाडली, वाचकालाही आता मतच हवे असते, तेव्हा पत्रकारांनी केवळ तथ्ये द्यावीत, विचार करायला आम्ही समर्थ आहोत. शेवटी ‘मत मुक्त आहे, तथ्य पवित्र आहे’ हे वाक्य ठळक अक्षरांत दिले आहे.

पणजीतल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी अठरा वर्षे उपसंपादक म्हणून काढली, त्यामुळे हा संदेश वाचून मान डोलावण्याचा मोह मलाही झाला. बातमी आणि मत यांची आज सरमिसळ झाली आहे, ही तक्रार खरी आहे. मात्र ती कशी झाली याची जी गोष्ट संदेशात सांगितली आहे, ती जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर चुकते.

पहिला दावा त्या सोनेरी काळाचा आहे. गोव्यापुरते बोलायचे तर असा काळ मला सापडत नाही. येथील पहिले दैनिक ‘ओ हेराल्दो’ २२ जानेवारी १९०० रोजी पोर्तुगीज भाषेत निघाले. त्याच्या उभारणीत मेसियश गोमिश यांच्याबरोबर असलेले लुईश द मिनेझिश ब्रागांझा यांनी १९११ मध्ये ‘ओ देबाते’ हे पत्र काढले, ज्याचा अर्थच ‘वाद’ असा होतो. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत सेन्सॉरची कात्री आली आणि वर्तमानपत्रांतून मत नाहीसे झाले खरे, पण त्याबरोबर बातमीही गेली. त्या अवस्थेला कोणी सोनेरी म्हणणार नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि सुमारे तीन महिन्यांत, २४ मार्च १९६२ रोजी, ‘गोमन्तक’ सुरू झाला. बा. द. सातोस्कर त्याचे पहिले संपादक होते. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, ही त्या दैनिकाची भूमिका लवकरच सर्वांना ठाऊक झाली. विलीनीकरणाच्या विरोधात ‘राष्ट्रमत’ उभे राहिले. त्याच्या नावातच ‘मत’ हा शब्द होता, आणि महाराष्ट्रात जाण्याला विरोध करणारे हे दैनिक मराठीतून निघत होते, कारण ज्यांचे मन वळवायचे होते ते मराठी वाचत होते. चंद्रकांत केणी यांच्या संपादकत्वाखालील या दैनिकात उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर येई आणि लोक ते एकमेकांना वाचून दाखवत. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. वेगळा संघप्रदेश राहण्याच्या बाजूच्या ‘दोन पाने’ या चिन्हाला १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या ‘फूल’ या चिन्हाला १,३८,१७०, आणि फरक ३४,०२१ मतांचा राहिला. या निकालात दोन मराठी दैनिकांचा वाटा किती, यावर गोव्यात आजही वाद होतो. दोन्ही पत्रे केवळ घडले ते सांगत होती, असे मात्र कोणत्याच बाजूचा माणूस म्हणत नाही.

हे सारे दोन पिढ्यांपूर्वीचे झाले, असे कोणी म्हणेल. मग बरोबर एक पिढीपूर्वीचे पाहू. १९८५ ते १९८७ या काळात राजभाषेचे आंदोलन पेटले होते. ‘ओ हेराल्दो’ १९८३ मध्ये पोर्तुगीज सोडून इंग्रजी झाला होता आणि राजन नारायण यांच्या संपादकत्वाखाली कोंकणीच्या बाजूने उघडपणे लढत होता. ‘गोमन्तक’ मराठीच्या बाजूने तितक्याच उघडपणे उभा होता. १९८६ च्या डिसेंबरात रस्ते अडले, माणसे मेली. त्या दिवसांत कोणाच्या मोर्च्याला किती गर्दी होती, हे कळण्यासाठी शहाणा वाचक दोन वर्तमानपत्रे घेत असे आणि दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी स्वतःचा आकडा बसवत असे. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक संमत झाले, ३० मे रोजी घटक राज्य मिळाले. संदेश ज्या शुद्ध काळाची आठवण काढतो, त्याच्या ऐन मध्यावरची ही वर्षे आहेत.

कोणी म्हणेल की ही मोहिमेची वर्षे होती, एरवी रोजची बातमी तरी कोरडी असे. डेस्कवर बसलेल्या माणसाला हे पटणार नाही. पीटीआय किंवा यूएनआय या वृत्तसंस्थांची तार टेलिप्रिंटरवर इंग्रजीत यायची आणि ती मराठीत उतरवायचे काम आमचे असायचे. वृत्तसंस्थेची भाषा कोरडी असे, कारण तिचा माल सर्व मतांच्या वर्तमानपत्रांना विकायचा असे. त्या तटस्थतेत तत्त्वाइतकाच व्यवहारही होता. मराठीत उतरताना हा कोरडेपणा पहिल्या क्रियापदातच ओला होई. मंत्री ‘म्हणाले’, मंत्र्यांनी ‘स्पष्ट केले’, मंत्र्यांनी ‘दावा केला’, मंत्र्यांनी ‘कबूल केले’, मंत्र्यांनी विरोधकांना ‘ठणकावले’ : बोललेले वाक्य एकच, पण ‘स्पष्ट केले’ म्हणताच ते खरे ठरते, ‘दावा केला’ म्हणताच संशयास्पद होते आणि ‘कबूल केले’ म्हणताच मंत्री आरोपी होतो. आपल्या नेत्याने नेहमी स्पष्ट करायचे आणि दुसऱ्याच्या नेत्याने नेहमी दावा करायचा, हा अलिखित नियम मी नोकरीला लागलो तेव्हाच जुना झाला होता. एकाही विशेषणाशिवाय मत सांगण्याची ही कला आम्हाला कोणा वाहिनीने शिकवली नाही. ‘असे समजते’ आणि ‘विश्वसनीय सूत्रांकडून’ यांविषयी न बोललेलेच बरे.

अमेरिकेच्या नियमाचा दावा थोडक्यात संपवता येतो. तो नियम १९४९ चा होता, फक्त परवाना घेऊन हवेतून प्रसारण करणाऱ्या रेडिओ-दूरचित्रवाणी केंद्रांना लागू होता आणि सार्वजनिक महत्त्वाचे वादग्रस्त विषय हाताळा आणि त्यांवर विरोधी बाजूलाही वेळ द्या, एवढीच त्याची मागणी होती. वर्तमानपत्रांना तो कधीच लागू नव्हता, केबल वाहिन्यांना त्याने बांधलेले नव्हते, आणि बातमी व मत वेगळे ठेवा असे त्यात कुठेही म्हटले नव्हते. १९८७ मध्ये भारतात खासगी वृत्तवाहिनी अस्तित्वातच नव्हती. होते ते दूरदर्शन आणि आकाशवाणी, आणि सरकारचे मत त्यांवर बातमी म्हणूनच वाचले जाई. वॉशिंग्टनमधला एक नियम गेला म्हणून पणजीतल्या मथळ्याची भाषा बदलली, असे मानायला आधार नाही.

वाहिन्यांविषयीच्या दाव्यात तथ्य आहे, पण संदेशाने सांगितले त्यापेक्षा वेगळे. ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ २००७ मध्ये आल्या, ‘आयबीएन लोकमत’ २००८ मध्ये. त्यांनी मत शोधून काढले नाही. त्यांना ते परवडले. सत्तरी किंवा सांगे तालुक्यात कॅमेरा पाठवायचा तर गाडी, पेट्रोल, दोन माणसे आणि अख्खा दिवस लागतो, आणि एवढे करून हाती मिळतात दोन मिनिटे. स्टुडिओत चार माणसांना भांडायला बसवले की पाऊण तास निघतो. चोवीस तास भरायचे असतील आणि पैसे मोजके असतील, तर कोणीही हिशेबी माणूस दुसरा मार्ग धरील. म्हणून गोव्याचा एखादा विषय मुंबईच्या पडद्यावर येतो तेव्हा त्यात गोवा फार थोडा असतो आणि गोव्याविषयीची मते पुष्कळ असतात.

मोबाईलने केलेला बदल मला याहून मोठा वाटतो, आणि संदेशाला तो दिसलेलाच नाही. छापील वर्तमानपत्रात पान हा पत्ता होता. मधल्या पानावर, डाव्या बाजूला, ठरावीक टाइपात जे आले ते अग्रलेख; त्याच्या शेजारी ते सदर; खाली वाचकांची पत्रे. मजकूर न वाचताही तो कोणत्या जातीचा आहे हे त्याच्या जागेवरून कळे. ‘गोमन्तक’ आणि ‘राष्ट्रमत’ यांची बाजू वाचकाला माहीत होती. ‘ब्रह्मास्त्र’ वाचणाऱ्याला आपण शस्त्र हातात घेतो आहोत याची कल्पना होती. मोबाईलवर पान उरलेले नाही. अग्रलेख, बातमी, कोणा पुढाऱ्याच्या कार्यालयातून आलेला मजकूर आणि जाहिरात ही सारी एकाच आकाराच्या चौकटीत, एकाच टाइपात, एकाच मावशीने पाठवलेली येतात. तेव्हा पूर्वी मत नव्हते आणि आज आले, असे झालेले नाही. पूर्वी मताच्या दारावर पाटी होती, ती आज काढली गेली आहे. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत तर्क, अटकळ किंवा टिप्पणी तथ्य म्हणून मांडू नये असे कलम पूर्वीपासून आहे, म्हणजे हा रोग त्या मंडळींनाही पूर्वीपासून ठाऊक होता. पण ते कलम पान गृहीत धरून लिहिलेले आहे.

वाचकालाच मत हवे असते, या दाव्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. वाचकाला ते नेहमीच हवे होते. लोकहितवादींची पत्रे १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये येऊ लागली ती कोणी बाजारभाव समजून वाचली नाहीत.

राहिला उपाय, आणि माझा खरा विरोध याच मुद्द्याला आहे. ‘केवळ तथ्ये द्या’ हे वाक्य ऐकायला निर्मळ वाटते. पण तथ्ये कोणी आणायची, हे त्यात सांगितलेले नाही. आज डेस्कवर तथ्ये आपल्या पायांनी चालत येतात : सरकारी माहिती खात्याकडून, मंत्र्याच्या सचिवाकडून, कंपनीच्या जनसंपर्क अधिकाऱ्याकडून, टंकलिखित, छायाचित्रासह, वेळेआधी. या प्रेसनोटांत मत शोधून सापडत नाही. त्या जशाच्या तशा छापल्या तर संदेश लिहिणाऱ्याची अट शब्दशः पूर्ण होते.

गोव्यातल्या खाणींचे उदाहरण घ्या. येथील काही जुनी मोठी दैनिके खाण उद्योगातील घराण्यांनी उभी केली : ‘गोमन्तक’ चौगुले यांनी, ‘नवहिंद टाइम्स’ आणि ‘नवप्रभा’ धेंपो यांनी. खाणींविषयी त्यांत काहीच छापून येत नसे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल; डिचोली-सांग्यातील धूळ, फुटलेले बांध, लाल झालेली शेते यांच्या बातम्या आलेल्या आहेत. पण निर्यात किती लाख टन झाली, परकीय चलन किती मिळाले, किती हातांना काम मिळाले, ही तथ्ये वर्षानुवर्षे ज्या सहजतेने येत, त्या सहजतेने खाणपट्ट्यांची मुदत, परवानगीपेक्षा जास्त उत्खनन आणि रॉयल्टी यांचा हिशेब येत नसे. तो हिशेब सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालातून आला, सुमारे ३५ हजार कोटी रुपयांच्या नुकसानीच्या आकड्यासह. आकडा फुगवलेला आहे असे खाणवाल्यांनी म्हटले, त्यावर वाद आहे आणि तो असू द्या. मुद्दा एवढाच की आधीची तथ्येही खरीच होती. कोणते तथ्य विचारायचे हे ठरवणे, यातच मत आले, आणि ते मत बहुतेक वेळा न लिहिलेल्या बातमीत असते.

ठळक अक्षरांतल्या त्या शेवटच्या वाक्याविषयीही एक शब्द. ते सी. पी. स्कॉट यांचे आहे. ‘मँचेस्टर गार्डियन’ या इंग्लंडमधल्या दैनिकाच्या शताब्दीला, १९२१ मध्ये, त्यांनी ते लिहिले. स्कॉट त्या पत्राचे संपादक होते, मालक होते आणि त्याआधी उदारमतवादी पक्षाचे खासदारही होते. त्यांचे पत्र मतांसाठीच ओळखले जाई. त्याच लेखात, विरोधकांच्या आवाजालाही मित्रांच्या आवाजाइतकाच ऐकला जाण्याचा हक्क आहे, असे ते सांगतात. तेवढे मात्र संदेशात उतरलेले नाही.

तालुक्याचा वार्ताहर हा या सगळ्यात विसरला गेलेला माणूस आहे. शाळेत शिकवून किंवा दुकान सांभाळून, मजकुराच्या लांबीवर मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनात, तो ग्रामसभेला जाऊन बसत असे. त्याला मते होती, ती त्याच्या बातमीत डोकावत, आणि आम्ही रात्री दहा वाजता त्यांतली निम्मी छाटत असू. पण कोणी कोणता ठराव मांडला, सरपंच कोणत्या प्रश्नावर उठून गेले, हेही त्याच्याच बातमीत असे. खर्चकपातीत असे वार्ताहर एकेक करून कमी झाले. गेल्या वर्षी आमच्या बाजूच्या गावात ग्रामसभा झाली; डोंगर कापण्याच्या परवान्यावरून तीन तास गोंधळ चालला, पोलीस बोलवावे लागले, आणि मी स्वतः मागच्या बाकावर बसून तो पाहिला. तिसऱ्या दिवशी एका दैनिकात पाच ओळी आल्या, पंचायतीनेच पाठवलेल्या : सभेला ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते, विविध विषयांवर चर्चा झाली, सचिवांनी आभार मानले. उपस्थितीचा आकडाही दिला होता, आणि तो बरोबर होता.