काकुएई तानाकांवरचा तो फॉरवर्ड वाचलात का? त्यातलं बरंचसं चुकीचं आहे

जपानचे माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांच्यावरचा मेसेज परत फिरतोय. लॉकहीड विमान घोटाळ्यात (विमानं खपवण्यासाठी लॉकहीड या अमेरिकन कंपनीने लाच दिल्याचं प्रकरण) नाव आलं, त्याच दिवशी राजीनामा दिला, मग जेलमध्ये शिक्षा भोगली आणि लोकांनी कायमचं घरी बसवलं, असं त्यात लिहिलंय. जपानच्या नीगाता प्रांतातल्या खेड्यातला, कॉलेजचं तोंड न बघितलेला माणूस ५४ व्या वर्षी पंतप्रधान झाला, एवढं मात्र त्यात बरोबर आहे.

आधी तारखा बघा. राजीनामा डिसेंबर १९७४ चा आणि लॉकहीड बाहेर आलं फेब्रुवारी १९७६ मध्ये, तेही अमेरिकन सिनेटच्या सुनावणीत. मग खुर्ची गेली कशाने? ताचिबाना ताकाशी या पत्रकाराने बुंगेई शुंजू मासिकात त्यांच्या पैशांचा आणि जमिनीच्या व्यवहारांचा पार छडा लावला, वर तेलसंकटानंतरच्या महागाईने लोक आधीच वैतागलेले. त्या पत्रकाराची मेहनत या फॉरवर्डमध्ये पुसून टाकलीय याचा मला खरंच राग येतो.

शिक्षा भोगली हेही खोटं. जुलै १९७६ मध्ये अटक झाली, ऑगस्टमध्ये जामीन. ऑक्टोबर १९८३ मध्ये टोकियोच्या कोर्टाने ५० कोटी येन लाच घेतल्याबद्दल ४ वर्षं कैद सुनावली, पण अपिलं चालू राहिली आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल यायच्या आधीच, डिसेंबर १९९३ मध्ये, ते वारले.

आणि लोकांनी घरी बसवलं म्हणे! दोषी ठरल्यावर दोनच महिन्यांनी निवडणूक झाली, तेव्हा सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाबाहेर, अपक्ष उभे राहून त्यांनी २ लाख २० हजारांवर मतं घेतली. कारण नीगातात हिवाळ्यात माणूसभर बर्फ पडतो, गावंच्या गावं अडकून पडायची, आणि तिथे रस्ते, बोगदे, १९८२ मध्ये शिनकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन हे सगळं आणलं ते तानाकांनी, गावोगावी त्यांच्या एत्सुझानकाई संघटनेची माणसं होती, काम अडलं की लोक तिकडेच जायचे. टोकियोत, पक्षाबाहेर असूनही, सत्ताधारी पक्षातला त्यांचा गट इतका मोठा की ओहिरा, सुझुकी, नाकासोने हे तीन पंतप्रधान त्यांच्याच पाठिंब्यावर झाले. पेपरवाले त्यांना अंधारातला शोगुन, म्हणजे पडद्याआडचा सत्ताधीश, म्हणायचे.

ही पकड सुटली ती मतदारांमुळे नाही. फेब्रुवारी १९८५ मध्ये त्यांच्याच तालमीत तयार झालेले, त्यांच्याच गटातले नेते ताकेशिता यांनी वेगळा गट काढला आणि त्याच महिन्यात तानाकांना पक्षाघाताचा झटका आला. १९९० मध्ये ते निवृत्त झाले, आणि १९९३ मध्ये त्याच नीगातातून मुलगी माकिको निवडून आली, पुढे २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री झाली.