सिंगर इमारत: एका तिखट प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सिंगर इमारतीवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया सविस्तर आणि चांगलीच तिखट आहे, त्यामुळे दोन ओळींत आटपत नाही.

तुमचे आक्षेप तीन. शिलाई मशीनवाल्या सिंगर कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या इमारतीला मी ‘पहिली गगनचुंबी’ म्हटलं, ते चूक. मजले इतके चिंचोळे होते की ती पाडली म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही. आणि मुळात हप्त्याने शिलाई मशीन घेणाऱ्यांच्या पैशावर उभा राहिलेला तो कंपनीचा डामडौल होता.

पहिला आक्षेप बिनशर्त मान्य. शिकागोची होम इन्शुरन्स इमारत १८८५ची. तिलाही ‘पहिली’ म्हणावं का, यावर जाणकार भांडतात, ते सोडा. सिंगरचा मान उंचीचा. १९०८मध्ये ती ६१२ फुटांवर पोचली आणि फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलचा ५४८ फुटांचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी मेट्रोपॉलिटन लाइफच्या ७०० फुटी मनोऱ्याने तिला मागे टाकलं. लेखातला ‘पहिली’ हा शब्द काढला आहे.

दुसऱ्या आक्षेपावर मात्र भांडणार. सिंगरच्या चौरस मनोऱ्याची बाजू ६५ फूट, म्हणजे एका मजल्यावर सव्वाचार हजार चौरस फूटसुद्धा धड नाहीत, आणि त्यातून लिफ्ट आणि जिने वजा करा. अरुंद होता, कबूल. पण वास्तुविशारद अर्नेस्ट फ्लॅगला तो तसाच हवा होता! हा गृहस्थ गगनचुंबी इमारतींचा उघड टीकाकार. त्याचं म्हणणं असं, की उंच जायचं तर खुशाल जा, पण मनोरा प्लॉटच्या चौथाई भागावरच उभारा; बाकी बांधकाम बुटकं ठेवा, म्हणजे खालच्या रस्त्याला ऊन-वारा मिळेल. तिथून जवळच १९१५मध्ये इक्विटेबल इमारत झाली, ती फुटपाथपासून सरळसोट वर गेलेली, आजूबाजूच्या गल्ल्यांवर सावली टाकणारी. लोक वैतागले. १९१६च्या न्यूयॉर्कच्या बांधकाम नियमांत चौथाई प्लॉटवरच्या मनोऱ्याला उंचीची मर्यादा ठेवली नाही, बाकीच्या भागाला पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकायला लावलं. सगळं श्रेय फ्लॅगला देत नाही, पण चौथाईचा आकडा तोच आहे.

हिशेब तुमच्या बाजूने आहे, हे खरंच. १९६१मध्ये कंपनीने इमारत विकली. नव्या मालकाला तिथे शेअर बाजार आणायचा होता, ते जमलं नाही. मग यू. एस. स्टील या पोलाद कंपनीने जागा घेतली आणि १९६७मध्ये पाडापाडी सुरू झाली. तिथे आज उभ्या असलेल्या वन लिबर्टी प्लाझाचा एकेक मजला ३७ हजार चौरस फुटांच्या आसपास. भाड्याचा विचार करणारा माणूस दुसरं काय करणार? मला टोचतं ते इतकंच, की वारसा इमारतींचा कायदा १९६५लाच झाला होता आणि तरी हिला त्या यादीत जागा मिळाली नाही.

आता डामडौल. होताच. हप्त्यांची पद्धत या कंपनीने १८५०च्या दशकातच रुळवली होती, तेव्हा पैसा कुठून आला हे तुम्ही बरोबर ओळखलंत. पण तळमजल्याच्या दालनाचे जुने फोटो एकदा बघा. संगमरवरी खांबांच्या माथ्यावर ब्राँझच्या मोठाल्या चकत्या आहेत. एकीवर कंपनीचं चिन्ह, पुढचीवर सुई, दोरा आणि बॉबिन. बँकवाले अशा जागी ग्रीक देव बसवायचे.

आमच्या आजीकडे सिंगरचं काळं पायमशीन होतं, सोनेरी अक्षरं पुसट झालेली. बॉबिन भरायचं काम माझं. दोरा एका बाजूला चढला की मशीन गुंता करी आणि शिव्या मला पडत. तर त्या फोटोत बॉबिन दिसली आणि थोडा गळा काढला गेला, एवढं चालवून घ्या.