अर्धं डोकं आणि नाकाता

शनिवारी टोकियोतल्या निशिकासाई स्टेशनमागच्या न्हाव्याकडे गेलो. डावी बाजू उरकली तेवढ्यात मला अवदसा आठवली. गप्प बसायचं सोडून विचारलं, "आजोबा, भिंतीवरचा हा फोटो कोणाचा?"

कात्री थांबली.

"हिदेतोशी नाकाता! जपानचा फुटबॉलपटू! आमच्या कोफू गावचा! माझ्या मेहुणीच्या शेजारणीचा मुलगा निरासाकी हायस्कूलला होता. त्याच्याच शाळेत!"

नात्याचा हा धागा मी पकडेपर्यंत आजोबांनी हात पुसून फोन काढला होता. ६ मे २००१, इटलीतल्या तुरिनमधली रोमा विरुद्ध युव्हेंटस फुटबॉल मॅच. युव्हेंटस दोन-शून्यने पुढे. आपला हुकमी खेळाडू टोट्टी याला बाहेर काढून रोमाने नाकाताला आत पाठवलेलं. लांबून सणसणीत गोल. शेवटी शेवटी त्याचाच फटका गोलकीपरच्या हातून निसटला आणि रोमाच्याच मोंतेल्लाने बरोबरी साधली.

"त्या वर्षी रोमा इटलीत पहिली आली. कोणामुळे?"

मी आरशात पाहिलं. डावीकडे सोललेला नारळ, उजवीकडे न सोललेला.

"नाकातामुळे," मी म्हणालो. म्हणालो नसतो तर तो गोल चौथ्यांदा बघावा लागला असता. तरी लागलाच. मग आजोबा व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया दाखवायला लागले. "ही इटलीतली बाई काय लिहिते बघा."

"काय लिहिते?"

"मला इटालियन कुठे येतं? पण बदाम टाकलाय."

आता मला सांगा, हा माणूस २००६ साली निवृत्त झाला. वर्ल्डकपमध्ये ब्राझीलने जपानला ४-१ हरवलं, हा डॉर्टमुंडच्या मैदानावर आडवा पडून राहिला, आणि काही दिवसांनी स्वतःच्या वेबसाइटवर लिहून मोकळा झाला. पत्रकारांना विचारतो कोण! वय २९. आमच्यात त्या वयाला माणूस निवृत्त होत नाही, गृहकर्ज काढतो. पुढे हा जपानभर हिंडला, साके म्हणजे तांदळाच्या जपानी दारूच्या धंद्यात पडला. आणि अजूनही त्याचा गॉगल घातलेला जुना फोटो कोणी टाकला की पोरं-पोरी बदामांचा सडा घालतात. मी गेल्या महिन्यात वाढदिवसाचा फोटो टाकला. अकरा अंगठे. त्यातला एक बायकोचा, तोही तिच्या हातात फोन दिल्यावर.

डॉर्टमुंडच्या व्हिडिओला आजोबांचे डोळे भरून आले. रडणाऱ्या माणसाला 'उजवी बाजू' असं कसं म्हणणार? खरं तर साडेअकराला माझा व्हिडिओ कॉल होता. तो मी कॅमेरा बंद ठेवून, गळ्याभोवती कापड गुंडाळलेल्या अवस्थेत, खुर्चीतूनच केला. पुण्यात असतो तर आवाज चढवला असता. इथे चिडायचं म्हटलं तर आधी आदरार्थी क्रियापद आठवावं लागतं, आणि ते आठवेपर्यंत समोरचा वाकून मोकळा झालेला असतो. पैसे मात्र पूर्ण घेतले. चार हजार येन. दोन्ही बाजूंचे.

उजवी बाजू डावीपेक्षा बोटभर आखूड झालीय. मागून आरसा धरून आजोबांनी विचारलं, "कसं वाटतंय?" मी म्हणालो, "छान." सगळेच म्हणतात.

रात्री घरी फोन उघडला तर ओळीने नाकाता. एकदा नाव शोधल्याची ही शिक्षा. बायको खांद्यावरून डोकावली. मला वाटलं, निदान आता तरी माझ्या डोक्याकडे लक्ष जाईल.

"अगं बाई," ती म्हणाली, "याचे केस बघ किती छान कापलेत!"