पीळ

कपाळावरचं टेंगूळ आता जांभळ्याचं पिवळं झालंय, पण राग अजून जांभळाच आहे.

जुन्या गाडीच्या डिकीचं झाकण उघडल्यावर आपलं आपण वर राहावं, एवढीच माझी माफक अपेक्षा. ते तोलून धरणाऱ्या टॉर्शन रॉडपैकी, म्हणजे पिळून बसवलेल्या स्प्रिंगच्या सळयांपैकी, एक तुटलेला, दुसरा नावापुरता. आधीच्या मालकाने त्यावर झाडूच्या दांड्याचा टेकू शोधून काढला होता. परवा दांडा सरकला, झाकण कपाळावर आलं आणि मी नवी जोडी आणली.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना गॅसचे दट्टे असतात, ते सभ्य असतात. माझ्या गाडीत पोलादाच्या दोन लांब सळया एकमेकींना छेदत आडव्या जातात. एक टोक या बिजागरीपाशी अडकवायचं, दुसरं पिळून पलीकडच्या खाचेत घालायचं. पीळ उलगडायला बघतो, त्या जोरावर झाकण तोललं जातं. खाचा तीन, पुढची खाच म्हणजे जास्त पीळ. पुस्तकात या सगळ्यावर एकच ओळ : ‘बसवण्याची कृती काढण्याच्या उलट क्रमाने.’ या न्यायाने जिन्यावरून गडगडत खाली आलेल्या माणसाला वर जायची कृती वेगळी सांगायलाच नको. ती ओळ मी मोठ्याने वाचली, दोनदा, दात खाऊन.

झाकण पूर्ण उघडं असताना पीळ सर्वांत कमी, म्हणून काम तेव्हाच करायचं. म्हणजे झाकण धरायला कोणीतरी हवं. तेवढ्यात शेजारचे काका आले. येताना घडीची खुर्ची घेऊन आले. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

“कशाला हे? दांडा होता की.”

मी कपाळ दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं. “यात दांड्याचा दोष नाही. तू वाकलास.”

“काका, जरा झाकण धरता?”

“धरतो की. पण आधी समजू तर दे. ही स्प्रिंग म्हणतोस, मग वेटोळी कुठायत?”

इथे मी चुकलो. मला समजावून सांगायची खोड आहे. म्हटलं, वेटोळ्यांची स्प्रिंग दाबली तरी तिची तार आतल्या आत पिळतच असते. ही तिचीच सरळ बहीण. फर्डिनांड पोर्शेने १९३१ साली असल्याच सळयांच्या सस्पेन्शनचं पेटंट घेतलं. बीटल गाडी वर्षानुवर्षं याच्यावर चालली.

“म्हणजे अख्खी गाडी पिळावर उभी राहते, आणि तुझं झाकण राहत नाही?”

मी गप्प बसलो. दांडाच पुन्हा टेकवला आणि सळईच्या टोकावर लांब पाइप चढवला.

“बारीक आहे रे. दुप्पट जाड आणायचीस.”

“जाडी दुप्पट झाली की पिळायला १६ पट जोर लागतो, काका.”

“मग लाव की!”

पाइप सटकला, बोटाचं साल गेलं. काकांनी खुर्ची जरा मागे घेतली. “असं कर, गॅसवर लालबुंद तापव आणि वाकव.”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण दोरखंडाची. पोलादाचं नेमकं उलट. तापवलेली सळई दिसायला तशीच राहते, पण तिला दिलेलं पाणी उतरतं आणि ती नुसती काठी होते. मला काठीच हवी असती तर ती होतीच की! हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं, “बघतो.” अशा वेळी ‘बघतो’ म्हणायची सवय कोणी लावली आपल्याला, देव जाणे. मला सल्ला नको होता हो. दोन हात हवे होते, पाच मिनिटं.

तासाभराने एक सळई बसली, आणि टोक भलत्याच दिशेला आलं. डावी उजवीकडे गेली होती.

“मला मघाशीच वाटलं, उलटी लावतोयस.”

“मग बोलला का नाहीत?”

“तूच वाचलंस ना मोठ्याने, उलट म्हणून?”

संध्याकाळी दोन्ही सळया बसल्या. रागाच्या भरात मी त्या थेट तिसऱ्या खाचेत घातल्या. झाकण वर राहिलं, दांड्याशिवाय! काकांनी टाळी वाजवली, “आता हा तुला नकोच,” म्हणाले, आणि खुर्ची एका हातात, दांडा दुसऱ्या हातात घेऊन निघाले. त्यांच्या कुंडीतल्या वेलाला आधार हवा होता म्हणे. वेलाला धरायला लगेच सोय झाली.

झाकण आता खाली येत नाही. बंद करायला त्यावर बसावं लागतं, आणि कुलूप उघडताच ते हनुवटीच्या दिशेने झेपावतं. दुसऱ्या खाचेवर यायला हवं. पण एक सळई सुटली की झाकण लगेच खाली, म्हणजे टेकू पाहिजेच. काकांकडे दांडा मागायला निघालोय. जाताना खुर्ची घेऊन जातोय.